अक्षराला आठ आणे

माझ्या फोनमध्ये सव्वीस सेकंदांचा एक व्हॉइसमेल पडून आहे. तीन आठवडे झाले. रोज एकदा तरी ऐकते, उद्या नक्की फोन करू म्हणते, आणि राहतं. बोलणाऱ्या बाई वयस्कर असाव्यात, आवाज मायाळू आहे. त्या म्हणतात, तुम्ही विचारलेली काळी छत्री कुणीतरी आणून दिलीये, कापडावर पांढऱ्या रंगात काहीतरी लिहिलंय त्या अर्थी तुमचीच असणार, सवडीने येऊन घेऊन जा. मग जरा थांबतात. इकडची माणसं मुद्द्याचं बोलण्याआधी थांबतात तेवढंच. आणि म्हणतात, ज्यांनी ती आणून दिली त्यांची एक हिरवी छत्री सापडत नाहीये, चुकून तुमच्याकडे आली आहे का, तेवढं बघाल का? बघायचं काय त्यात! ती आमच्या दारामागे खुंटीला अडकवलेली आहे. मी हे लिहायला बसलेय तिथून दिसते.

सप्टेंबरातली गोष्ट. आईला परत जायला दहा दिवस उरले होते. सहा महिन्यांत तिने इथली सुपरमार्केटं, दोन समुद्रकिनारे आणि माझ्या मैत्रिणींची स्वयंपाकघरं एवढंच पाहिलं होतं. ‘एखादा वाडा दाखव की इथला,’ म्हणाली. वाईच्या बाईला किल्ले नि समुद्र यांचं अप्रूप नसतं, दुसऱ्याचा वाडा मात्र आतून बघायचा असतो. डर्बीत येऊन मला नऊ वर्षं झाली, आणि इथून चार-पाच मैलांवर असलेला केडलस्टन हॉल मी कधी पाहिला नव्हता. वेळ मिळाला नाही असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं कारण जरा बालिश होतं. ते कर्झनचं घर. कर्झन म्हटलं की मला शाळेतला इतिहासाचा पेपर आठवतो, ‘वंगभंगाची कारणे लिहा’, पाच गुण. त्या माणसाच्या घरी तिकीट काढून जायचं म्हणजे काहीतरीच, असं वाटायचं. आता आईचं निमित्त होतं.

शनिवारी सकाळपासून पाऊस. इथला पाऊस, म्हणजे त्याला पाऊस म्हणावं की नाही असा. वाईला पाऊस येतो तो पसरणीच्या घाटावरून उतरताना दिसतो, डोंगर गिळत येतो, पत्र्यावर आपटला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. इथे कुणी वर बसून ओलं धुणं झटकत असल्यासारखं सगळं. वरून पडत नाही, बाजूने येतं. चष्म्यावर बसतं, मानेत शिरतं आणि तक्रार करावी इतकंही जोरात येत नाही. ‘हे शिंतोडे आहेत,’ आई गाडीतून उतरताना म्हणाली, आणि तरीही अण्णांची छत्री उघडलीच.

त्या छत्रीबद्दल आमचं एअरपोर्टवरच एकदा झालं होतं. लांब दांड्याची काळी छत्री बॅगेत तिरकी घालून आणली होती तिने. तिच्यापायी लाडवांचा एक डबा वाईलाच राहिला. ‘तिकडे छत्र्या मिळत नाहीत का?’ मी फोनवर चिडले होते. ‘मिळत असतील,’ ती म्हणाली, ‘अण्णांची मिळेल का?’ अण्णांना जाऊन पाच वर्षं झाली. त्यांच्या आयुष्यात ही एकच छत्री होती असं नाही म्हणता येणार, पण दांडा एकच होता. काड्या बदलल्या, कापड दोनदा बदललं, दांडा तोच. मे महिन्याच्या शेवटी छत्रीवाला देवळाच्या भिंतीला टेकून बसायचा. त्याच्यासमोर काड्यांची जुडी, काळ्या कापडाचे त्रिकोणी तुकडे, आणि एका डबीत पांढरा ऑइलपेंट. दुरुस्तीचे पैसे वेगळे, नाव घालायचे वेगळे. अक्षराला आठ आणे. म्हणून ‘द. ग. जोशी’ न लिहिता अण्णांनी ‘द. ग. जो.’वर भागवलं होतं. दीड रुपया. टिंबांचे पैसे तो घेत नसे. शेवटच्या ‘जो’ची मात्रा जरा लांबली होती आणि तिथून रंगाचा एक ओघळ खाली आला होता. लहानपणी मला तो ओघळ म्हणजे पाऊसच वाटायचा, अण्णांच्या नावातून पडणारा.

ती छत्री दाराशी ठेवून आम्ही आत गेलो. ओल्या छत्र्या आत न्यायच्या नाहीत, हे बरोबरच आहे. पंधरा-वीस छत्र्या एकमेकींना टेकून ठिबकत उभ्या होत्या. आईने आपली कडेची जागा बघून ठेवली, चपला ठेवतो तशी.

आत पहिल्यांदा अंगावर येतो तो मार्बल हॉल. नाव मार्बल, पण दोन्ही बाजूंचे वीस खांब अलाबास्टरचे, शेजारच्या नॉटिंगहॅमशरमधल्या खाणीतले, पंचवीस फूट उंच. फिकट दगडात गुलाबी-तपकिरी शिरा, श्रीखंडात गुलकंद घालून ढवळायचं अर्ध्यात सोडून द्यावं तशा. या दालनाला खिडकी नाही. उजेड येतो तो छतातल्या काचांमधून, आणि त्या दिवशी उजेडाऐवजी पाऊसच येत होता म्हणायचा. काचेवर बारीक तडतड, आणि खाली खांबांवरून सरकणारा राखी प्रकाश. माणसं आपोआप हळू बोलत होती. आईने मान वर केली, खांब मोजले, मग खाली फरशीकडे बघितलं. मला वाटलं आता काहीतरी भारावलेलं बोलेल. ती म्हणाली, ‘हे पुसतं कोण गं?’

प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. १७५९ साली नॅथॅनियल कर्झनने हे घर नव्याने बांधायला काढलं. आधी दोन वास्तुविशारद झाले, मग रॉबर्ट ॲडम नावाचा तरुण रोम बघून आला होता त्याने सगळं हातात घेतलं. राहण्यापेक्षा दाखवण्यासाठीच हे बांधलं होतं, आणि पहिल्यापासून सभ्य दिसणाऱ्या पाहुण्यांना हाउसकीपर बाई घर फिरवून दाखवायच्या. त्यातल्या मिसेस गार्नेट यांचं चक्क तैलचित्र आहे तिथे, हातात माहितीपुस्तक घेतलेलं. आई त्या चित्रापुढे जेवढा वेळ उभी राहिली तेवढी कुठल्याच लॉर्डपुढे राहिली नाही. १७७७ साली इंग्रजी शब्दकोशवाले डॉक्टर जॉन्सन हे घर बघायला आले होते. त्यांना काही ते आवडलं नाही. म्हणाले, टाउन हॉल म्हणून झकास आहे, खांबांच्या दालनात न्यायाधीश बसवा, गोल दालनात ज्यूरी आणि वरच्या मजल्यावर कैदी. म्हाताऱ्याची जीभ तिखट, पण गंमत बघा, वीस-बावीस वर्षांनी या घराच्या नकाशावरून खरोखरच एक सरकारी इमारत उभी राहिली. मात्र डर्बीशरमध्ये नव्हे, कलकत्त्यात. गव्हर्नर-जनरल वेलस्लीने १७९९ ते १८०३ या काळात बांधलेलं गव्हर्नमेंट हाउस, पुढचं तिथलं राजभवन, ते केडलस्टनचंच भावंड. आणि त्यातही एक मेख आहे. मूळ आराखड्यात मधल्या इमारतीला चार कोपऱ्यांवर चार उपइमारती जोडायच्या होत्या. इथे दोनच झाल्या. कलकत्त्यात चारही बांधून झाल्या. घरमालकाला जे आवरतं घ्यावं लागलं, ते कंपनी सरकारने आपल्याकडच्या पैशावर पुरं केलं. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘दुसऱ्याच्या पैशाने बांधताना हात कशाला आखडेल?’

जॉर्ज कर्झन १८५९ साली इथे जन्मला आणि १८९९ साली व्हाइसरॉय होऊन त्या दुसऱ्या केडलस्टनमध्ये राहायला गेला. सात समुद्र ओलांडून गेलेला माणूस आपल्याच घरात जाऊन पोचला. परक्या देशात पहिली रात्र कशी असते ते मला माहीत आहे. रात्री उठल्यावर बाथरूमचं दार कुठल्या बाजूला, हे सुद्धा आठवत नाही. त्या माणसाला ते आठवलं असणार.

हे मनात येऊन मला थोडा रागच आला. त्याच्यावर नाही, स्वतःवर. इतक्यात कणव कशाला?

प्रत्येक दालनात एक स्वयंसेवक उभा असतो, बहुतेक निवृत्त झालेली मंडळी. पाहुण्याला विचारायचा यांचा एक ठरलेला प्रश्न आहे : लांबून आलात का? दिवाणखान्यात निळ्या रेशमी भिंती, सोनेरी जलपऱ्या कोरलेले भलेमोठे सोफे, आणि त्यांच्यामध्ये एक उंच, सुरकुतलेले आजोबा. त्यांनी आईला विचारलं. आईने मोठ्या उत्साहाने आपल्या इंग्रजीत सांगितलं, ‘वाई.’ आजोबा गोंधळले. लांबून आलात का विचारल्यावर समोरची बाई ‘का?’ म्हणून विचारते म्हणजे आपण काहीतरी आगाऊपणा केला, असं त्यांना वाटलं असावं. ‘सहजच विचारलं हो,’ ते कसेबसे म्हणाले. आई पुन्हा ठणकावून, ‘वाई! वाई!’ मी मध्ये पडून नकाशा, कृष्णा नदी, मुंबईपासूनचं अंतर सगळं सांगितल्यावर ते इतके मोकळे हसले की शेजारच्या दालनातून दुसऱ्या स्वयंसेविका डोकावून गेल्या. मग त्यांनी आईला खास म्हणून राजशय्या दाखवली. तिचे खांब ताडाच्या झाडांसारखे कोरलेले आहेत, मुळांसकट, आणि वर झावळ्या फुटलेल्या. आईने नीट बघितलं. ‘झाड बघितलेलं दिसत नाही कोरणाऱ्याने,’ एवढंच बोलली. खुर्च्यांवर ठेवलेली पाइनची वाळकी बोंडं मात्र तिला फार आवडली. बसू नका अशी पाटी लावण्याऐवजी बोंड ठेवतात, हे कळल्यावर म्हणाली, आमच्या शेजारणीकडे हेच करायला हवं होतं.

खाली तळमजल्यावर ते संग्रहालय आहे, ज्याच्यासाठी मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करून आले होते. कर्झनने पूर्वेकडून आणलेल्या वस्तू. हस्तिदंत, चांदी, शस्त्रं, कापडं. काही विकत घेतलेल्या, काही नजर केलेल्या. ‘नजर केलेल्या’ या शब्दात केवढं काय मावतं! ज्याच्या हातात तुमचं संस्थान आहे त्याला दिलेली भेट ही भेट किती आणि पट्टी किती, हे तिथल्या चिठ्ठ्यांवरून कळत नाही. आणि तरी, हाही तोच माणूस, ज्याने १९०४ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला. अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीत कचेरी थाटलेली होती, ती त्याने हलवायला लावली. त्याच साली विद्यापीठांचा कायदा आणला, गोपाळ कृष्ण गोखले कौन्सिलात त्याच्याशी आकडे नि मुद्दे घेऊन भांडत राहिले. दुसऱ्या वर्षी बंगाल चिरला. एकाच हाताने दगड जपायचे आणि माणसं तोडायची. पाच गुणांच्या उत्तरात हे बसत नव्हतं म्हणून आम्हाला कुणी शिकवलं नाही.

मी असं सगळं जुळवत उभी होते तेवढ्यात आईची हाक आली. हाक म्हणजे दबकी किंकाळीच. ‘अगं, सोनकिडा!’

काचेच्या कपाटात, मंद उजेडात कर्झनच्या बायकोचा, मेरीचा, मोराचा झगा होता. १९०३ सालच्या दिल्ली दरबारात, लाल किल्ल्यातल्या नृत्यसमारंभाला तिने तो घातला होता. दिल्ली-आग्र्याच्या कारागिरांनी जरदोजीने सगळं कापड भरलं, मग ते पॅरिसला गेलं, तिथे वर्थ या प्रसिद्ध पेढीने त्याचा झगा शिवला, आणि तो परत दिल्लीला आला. वजन सुमारे साडेचार किलो. एकावर एक मोरपिसं, सोन्याच्या तारेची, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात एक हिरवा-निळा चमकता तुकडा. बघणाऱ्यांना ती पाचूची खडी वाटली होती म्हणतात. आईला एका क्षणात कळलं ते काय आहे. तिच्या लहानपणी पोरं बाभळीवरून सोनकिडे पकडायची, काडेपेटीत बाभळीचा पाला घालून ठेवायची, शाळेत बाकाखाली पेटी उघडून एकमेकांना दाखवायची. किडा मेला तरी पंख तसेच चमकत राहायचे, वहीत जपून ठेवले तर वर्षानुवर्षं. ‘माझ्याकडे तीन होते,’ आई काचेला नाक लावून म्हणाली. तिच्या श्वासाची काचेवर वाफ धरली, ती तिने पदराने पुसली. मग बराच वेळ ती झग्याची शिवण बघत राहिली. आयुष्यभर लोकांच्या साड्यांना फॉल-बिडिंग करून दिलेली बाई ती. ‘उलटी बाजू दिसायला पाहिजे होती,’ म्हणाली. ‘भरतकाम उलट्या बाजूने कळतं.’

मला वाटलं होतं ती चिडेल. निदान हळहळेल. ती फक्त मोजत होती, एका पिसाला किती वेळ लागला असेल.

नंतर चहाच्या खोलीत, ओल्या कोटांच्या वासात, मी तिला कर्झन घराण्याचं ब्रीद सांगितलं. कर्झनने जे धरलं, ते कर्झनच्याच हाती राहो. बाराव्या शतकापासून हे लोक इथे आहेत, बागेला मोकळी जागा हवी म्हणून अठराव्या शतकात आख्खं गाव उचलून पलीकडे नेलं, फक्त चर्च तेवढं जागेवर ठेवलं. आईने स्कोनवरचं लोणी चमच्याने बाजूला काढलं आणि म्हणाली, ‘म्हणजे आपल्या थोरल्या काकांसारखं.’ मला चहाचा ठसका लागला. आमचा वाड्यातला हिस्सा, माजघर आणि त्याच्यावरची माडी, थोरल्या काकांनी मरेपर्यंत सोडला नाही, आणि गेले तेव्हा अकरा वारसदार निघाले. शेवटी एका सहीत सगळं बिल्डरला. कोरीव खांब जुन्या बाजारातल्या माणसाने आधीच उचलले. पुण्यातल्या एका हॉटेलात आता त्यातले दोन आहेत, मी त्यांना टेकून थालीपीठ खाल्लं आहे. खांबावर कोरलेल्या पोपटाची चोच मोडलेली आहे, ती मी मोडलेली. ते कुणी लुटून नेलं नव्हतं. आम्हीच विकलं, भावात घासाघीस करून. इथे हे घर १९८७ साली जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे गेलं म्हणून उभं आहे, आणि तिथे ताडपत्रीखालचं सिमेंट.

निघण्याआधी चर्चमध्येही डोकावलो. मेरी १९०६ साली गेली, वय छत्तीस. ताजमहालाचं वेड असलेल्या नवऱ्याने तिच्यासाठी एक छोटं दालन बांधून घेतलं. पांढऱ्या संगमरवरात दोघं शेजारी शेजारी निजलेली, आणि खाली हिरवट पारदर्शक दगडाची फरशी, पाण्यावर ठेवल्यासारखी. बाहेर पाऊस, आत तो हिरवा उजेड. आई मेरीच्या पायाशी जरा थांबली. ‘तीन मुली होत्या ना हिला?’ तिने विचारलं. हे तिला कुणी सांगितलं, की कुठल्या चिठ्ठीवर वाचलं, ठाऊक नाही. पण होत्या खऱ्या, तीनच.

छत्री आईनेच उचलली. घराचं दार बंद व्हायची वेळ, अंधारून आलेलं, कडेच्या तिच्या जागेवर एकच छत्री, वाकडा लाकडी दांडा, काळी. पाऊस थांबला होता म्हणून उघडली नाही. घरी येऊन वाळायला म्हणून बाथटबमध्ये उघडली तर आतून बाटलीच्या काचेसारखा हिरवा रंग. ओली असताना काळी दिसत होती. काड्या जाड, कापड तलम, दांड्याला पितळी कडं. भारी छत्री. आई टबाच्या काठावर बसली. मग तिने जो प्रश्न विचारला तो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही : ‘त्यांनी आपली नेली म्हणून त्यांची आपल्याकडे आली, का आपण त्यांची आणली म्हणून त्यांना आपली न्यायला लागली?’

सोमवारी मी तिकडे फोन केला. काळी छत्री, लाकडी दांडा, पांढरी अक्षरं, सगळं वर्णन केलं. पलीकडून टिपून घेतलं, सापडली तर कळवू म्हणाले. दोन मिनिटांचा फोन. त्यात हिरवीचं नाव मी काढलं नाही. मुद्दाम असं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण कुणी विचारलं नाही.

आईने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी मुलाच्या टेबलावरचं व्हाइटनर घेतलं, हिरवी छत्री मांडीवर ताणून धरली आणि कापडाच्या कडेला लिहिलं : द. ग. जो. अक्षर छत्रीवाल्यापेक्षा चांगलं आलं. ‘आता कोण नेतंय बघू,’ म्हणाली आणि फुंकर घालत बसली. मी हसले. फोटोसुद्धा काढला, भावाला पाठवला. त्यानंतरच्या रविवारी तिला विमानात बसवलं. छत्री ठेवून गेली. ‘इथे जास्त लागते,’ म्हणाली. आणि त्यानंतरच्या मंगळवारी तो व्हॉइसमेल.

मी कामावर असताना आला होता. कुणीतरी अनोळखी माणूस, किंवा बाई, आमची छत्री उघडून पाहतो, त्या तीन अक्षरांकडे बघतो, ही आपली नव्हे म्हणून गाडी काढून ती परत नेऊन देतो. किती दिवस विचार केला असेल त्याने? की आपली हिरवी मिळावी म्हणून लगेच निघाला असेल? आणि मी नऊ वर्षं ज्या घराकडे तोंड वाकडं करून बघत होते त्याच घराकडून, जरा बघाल का, असा निरोप माझ्याच फोनवर.

काल रात्री आईला सांगितलं एकदाचं. मला वाटलं रडेल. ‘मग आण जाऊन,’ ती म्हणाली, ‘आणि त्यांची देऊन टाक.’ मी म्हटलं, अगं, त्याच्यावर अण्णांचं नाव घातलंयस तू. पलीकडे थोडा वेळ मिक्सरचा आवाज. ‘रॉकेलने पुसून बघ.’

डर्बीत रॉकेल कुठून आणू? नेलपेंट काढायचं औषध होतं घरात. कापूस भिजवून पहिल्या अक्षरावर फिरवला. व्हाइटनर आधी चिकट झालं, मग सुटलं, कापसावर पांढरा नि थोडा हिरवा रंग आला. ‘द’ गेला. तिथे आता एक फिकट डाग आहे, ओला केला तर दिसत नाही. मी बाटलीचं झाकण लावलं आणि छत्री परत खुंटीला अडकवली. ‘ग.’ आणि ‘जो.’ अजून आहेत.